शेवंती शारजाला जाते

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या आमच्या अंगणात सकाळचा उजेड एकदम येत नाही. आधी तो शेजारच्या दुमजली घरावरच्या काळ्या टाकीला लागतो, आणि ती टाकी काही क्षण, तिच्या योग्यतेपेक्षा बरीच अधिक, सुंदर दिसते. मग तो केबलच्या तारेवरून, तारेत अडकून संक्रांतीपासून फाटत राहिलेल्या पतंगावरून, सुमित्राबाईंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवर उतरतो. चादरीतून गाळला गेल्यामुळे आमच्याकडे पोचेपर्यंत त्याचा रंग पातळ ताकासारखा झालेला असतो. त्यात तिखटपणा नसतो, घाई नसते. तो टिनाच्या शेडची कड चाचपतो, पत्र्याच्या एका भोकातून आत शिरतो आणि जमिनीवरच्या कडब्यावर वाटोळा ठिपका होऊन बसतो. ठिपक्यात धूळ वरखाली होत असते. मी रोज त्या धुळीकडे पाहत असे, आणि जगात याहून महत्त्वाचे काही चालले असेल असे मला वाटत नसे. ठिपका सरकत सरकत शेवंतीच्या खुराला, मग गुडघ्याला, मग पोटाच्या पांढऱ्या उताराला लागे. तिथे पोचल्यावर तिच्या कातडीवरून एक बारीक थरथर धावून जाई. उजेड बसला तरी तिला ती माशीच वाटे.

त्या वर्षीच्या मार्चपासून मात्र हा उजेड शेवंतीपर्यंत पोचेनासा झाला, कारण वाटेत विमान आले.

विमान म्हणजे लोखंडी अँगल आणि प्लायवूड यांची, घोडा जेमतेम मावेल अशी उभी पेटी. घोडे परदेशी पाठवताना अशाच पेटीत उभे करतात आणि पेटी यंत्राने उचलून मालवाहू विमानाच्या पोटात सरकवतात. आमची पेटी सरावापुरती होती. ती वेल्डरकडून करवून घेतल्यावर मोठ्या बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाने, प्रेमदासांनी, तिच्या दोन्ही बाजूंना स्वतःच्या हाताने गोल खिडक्या रंगवल्या. खऱ्या पेटीला खिडक्या नसतात, असे मी त्यांना हळू आवाजात सांगितले. ते म्हणाले, नसल्या तर नसल्या, घोडीला कुठे ठाऊक आहे.

शेवंती आमची लग्नाची घोडी. माझ्या आजोबांना, श्रावणबाबांना, त्यांच्या लग्नात गावाने घोड्यावर बसू दिले नव्हते. पुढे छप्पन साली त्यांनी धम्म स्वीकारला, बिऱ्हाड वर्ध्याला आणले, आणि संसाराला थोडे स्थैर्य आल्याबरोबर पहिली खरेदी केली ती घोडीची. ज्याला बसायचे त्याने बसावे, कोण कुठला हे विचारायचे नाही, एवढाच त्यांचा धंद्याचा नियम होता. तेव्हापासून आमच्या दारात कायम एक घोडी राहिली, आणि शेवंती ही त्यांतली अखेरची. हल्ली नवरदेव फुलांनी सजवलेल्या उघड्या मोटारीतून येतात आणि धूर सोडणाऱ्या यंत्रांमुळे दिसतही नाहीत. मोठ्या बाबांचे गुडघेही वरातीच्या चालीने चालेनासे झाले आहेत. त्यामुळे शेवंती बहुतेक दिवस शेडमध्ये उभी असे. मी पशुसंवर्धनाची पदविका घेतलेला, नोकरीची वाट पाहणारा आणि चारचौघांत बोलायला संकोचणारा माणूस, मीही बहुतेक दिवस शेडमध्येच असे. आमचे चांगले जमत होते.

त्याआधीच्या दिवाळीत नीलेश आला. तो कारंजा घाडगेच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. गेली काही वर्षे तो शारजात राहून तिथल्या भारतीय लोकांच्या लग्नांची व्यवस्था पाहतो. त्याला लग्नाची घोडी हवी होती. त्या मुलखात घोड्यांचा काय तोटा, असे मोठ्या बाबांनी विचारले, तेव्हा त्याने खुर्ची पुढे ओढली.

“काका, घोडे तिथं लय हाय. पण सारे खानदानी. ताशा वाजला का नवरदेवाले घेऊन वाळवंटात पयतात. मांगच्या सालचा एक नवरदेव जीपनं शोधून आणा लागला. मले आपल्या इकडची पाह्यजे, जिच्या कानाखाली सुतळी बॉम्ब फुटला तरी जी जांभई देईन.”

शेवंतीने नेमकी त्याच वेळी जांभई दिली. व्यवहार तिथल्या तिथे ठरला. व्यवहाराची भाषा मला मुळातच मानवत नाही, म्हणून बोलणे सुरू झाल्याबरोबर मी पाणी आणायला उठलो आणि पाणी आणायला जेवढा वेळ लागतो त्याहून बराच अधिक वेळ घेतला. पुढे या गोष्टीविषयी कुणी विचारले की मी एवढेच म्हणत असे की शेवंती शारजाला जाणार आहे, जसे कुणी हवापालटाला जाते. घोड्यासोबत विमानात एक माणूस असावा लागतो आणि तो माणूस मी असेन, हेही त्याच दिवशी ठरले. माझ्याजवळ पदविका होती आणि कधीकाळी काढून ठेवलेला कोरा पासपोर्ट होता. घरातल्या इतर कुणाजवळ यांपैकी काहीच नव्हते.

शेवंतीचा एक स्वभाव इथे सांगितला पाहिजे. बँड वाजला की ती चालते आणि बँड थांबला की ती थांबते. लगाम ही तिच्या दृष्टीने शोभेची वस्तू आहे. एकदा एका वरातीत बँडवाले मंडपवाल्याशी भांडून वाद्ये खाली ठेवून बसले, तेव्हा शेवंती भर रस्त्यात जी उभी राहिली ती राहिलीच. शेवटी मुलीकडची मंडळीच हार घेऊन तिथवर चालत आली आणि नवरदेवाचे स्वागत पेट्रोल पंपासमोर झाले. तेव्हा पेटीत शिरायचा सराव करायचा तर बँड हवा, हे उघड होते. बँडमास्टर रूपराव मोठ्या बाबांचे जुने स्नेही. ते आपली मंडळी घेऊन रोज सकाळी हजर होऊ लागले. गणवेशावाचून त्यांना फुंकर घालता येत नाही, असे ते म्हणत. त्यामुळे आमच्या अंगणात रोज सकाळी लाल कोट आणि सोनेरी झालरी दिसू लागल्या, आणि रस्त्याने जाणारी माणसे लग्न कुणाचे म्हणून विचारू लागली.

पहिल्या सुरालाच शेवंती पेटीत शिरली. सराव खरे तर तिथेच संपायला हवा होता. पण मोठे बाबा सावध माणूस. विमानाच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून त्यांनी एका ट्रॅक्टरचे सायलेन्सर काढून तो पेटीला खेटून उभा केला. शेवंतीने एक कान मागे वळवला आणि चारा खात राहिली. मग विमान आकाशात खड्ड्यात जाते असे त्यांनी कुठेतरी ऐकले. त्यांनी पेटी ट्रॉलीवर बांधून घेतली आणि पार रोहणा गावापर्यंत हिंडून हवा तसा एक रस्ता निवडून काढला. त्या रस्त्यावर ट्रॉली पुरेशा वेगाने नेली. पेटीत शेवंती होती आणि तिच्या डोक्याशी मी होतो. शेवंती वाटेत झोपली. मी कुठल्याशा पऱ्हाटीच्या धुऱ्यावर, म्हणजे कपाशीच्या शेताच्या बांधावर, उतरून पोटातले सगळे ओकलो आणि डिझेलच्या वासाला दोष दिला.

सुमित्राबाई रोज कठड्यावर टेकून हे पाहत असत. विमानात जेवण मिळते का, असे त्यांनी मला विचारले. मिळते म्हटल्यावर त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, “मंग शाकाहारी हाय म्हणून आधीच सांगून ठेवजो.”

प्रत्येक सरावानंतर शेवंतीचे हृदय तपासायचे काम माझ्याकडे होते. मी तिच्या डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप टेकवी, डोळे मिटून घेई, आणि ऐकत राही. आत कुणीतरी उधळल्यासारखा ठोका होता. शांत घोडीचे हृदय किती सावकाश चालते हे मला पुस्तकातून ठाऊक होते, आणि हा ठोका त्या सावकाशीच्या जवळपासही नव्हता. मी उठून सांगत असे की घोडी आतून फार घाबरलेली आहे, अशा स्थितीत तिला पाठवणे योग्य होणार नाही.

मोठ्या बाबांची मुलगी मयुरी माझ्याहून धाकटी आणि माझ्याहून पुष्कळ धीट. ती म्हणे, “दादा, ती तं डोये मिटून उभी हाय.”

मी तिला समजावून सांगत असे की वरवरची भीती थरथरते, आणि फार खोल गेलेली भीती निश्चल होते. जनावराचे मन आपल्याला कुठे उमजते.  मयुरी माझ्याकडे बघत शेंगदाणे खात राही.

अशा रीतीने जाण्याची तारीख पुढे गेली, आणि मग पुन्हा पुढे गेली. तिकडून नीलेशचे फोन येऊ लागले. त्याचा लग्नांचा हंगाम तोंडावर आला होता, आणि घोडी येत नसेल तर तो राजस्थानात दुसरी बघणार होता. मोठे बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते फक्त संध्याकाळी शेडमध्ये येऊन गुडघे चोळत बसत आणि विचारीत, आज कसे वाजते आहे तिचे. मी म्हणे, कालच्यापेक्षा वाईट. ते मान हलवीत. त्या हलणाऱ्या मानेकडे पाहताना माझ्या मनात जे हायसे वाटणे उमटे, त्याला मी तेव्हा शेवंतीची काळजी असे नाव दिले होते.

शेवटी घोडीला प्रवासाचे प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टर नागपूरहून आल्या. प्रेरणा मॅडम म्हणून त्यांना सगळे ओळखत. बुटक्या, चष्मा लावणाऱ्या आणि कमालीच्या मितभाषी. रक्ताचे नमुने आधीच गेले होते आणि ते स्वच्छ आले होते. आता प्रश्न फक्त माझ्या तक्रारीचा होता. रूपरावांनी वाजवले, शेवंती पेटीत गेली, ट्रॅक्टर गर्जला, तिला खाली उतरवले. मॅडमनी आपल्या गळ्यातला स्टेथोस्कोप लावला, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाल्या की एखाद्या सेवानिवृत्त माणसाचे असावे तसे हिचे हृदय आहे.

मी अत्यंत आदराने सुचवले की आपण पुन्हा एकदा ऐकावे. त्यांनी पुन्हा ऐकले. मग मी माझा स्टेथोस्कोप लावून ऐकले. ठोका तोच होता, उधळलेला. मी तसे सांगितले. बँडवाल्यांतल्या कुणीतरी झांज हळूच खाली ठेवली.

मयुरी पुढे आली. तिने माझ्या हातातली स्टेथोस्कोपची चकती घोडीच्या अंगावरून उचलून हवेत धरली.

“आता आयक. येते आवाज?”

येत होता. चकती कशालाही टेकलेली नव्हती, तरी कानांत दणदण चालू होती.

“दादा, हे तिचं नाई. हे तुहं वाजून राह्यलं.”

तिने माझ्या कानांतल्या नळ्या काढून मॅडमच्या हातात दिल्या आणि चकती माझ्या शर्टावर टेकवली. मॅडमनी शिष्टाचार म्हणून ऐकायला सुरुवात केली. मग त्यांच्या भुवया जवळ आल्या आणि त्यांनी बराच वेळ, खऱ्या आस्थेने ऐकले. नंतर पेन काढून त्यांनी सही केली.

“घोडी प्रवासाला योग्य आहे,” त्या म्हणाल्या. “यांच्यासाठी मी काही लिहून देऊ शकत नाही.”

त्या क्षणी सगळ्या बोरगावाला उलगडा झाला की अंकितला, म्हणजे मला, विमानाची भीती वाटते. रूपरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितले की यात लाजण्यासारखे काही नाही, त्यांना स्वतःला लिफ्टची वाटते. सुमित्राबाईंनी लवंगा आणून दिल्या. मी नाही म्हटले नाही. विमानाची भीती हे एक सभ्य, सर्वमान्य कारण होते आणि ते माझ्या स्वभावाला शोभत होते. मी ते अंगावर घेतले, जसा कुणी थंडीत दुसऱ्याचा स्वेटर घेतो.  मोठे बाबा तेवढे शेवंतीची आयाळ विंचरत होते, आणि विंचरून झाल्यावरही विंचरत राहिले.

मुंबईजवळच्या तबेल्यात विलगीकरणाचे दिवस काढून एका लख्ख दुपारी आम्ही मालवाहू विमानांच्या भागात पोचलो. खरी पेटी आमच्या पेटीपेक्षा कितीतरी देखणी होती, फक्त तिला खिडक्या नव्हत्या. तिच्या तोंडाशी उतरता फळा लावलेला होता. शेवंती फळ्यापर्यंत आली आणि उभी राहिली.

मी स्पीकर आणला होता, रूपरावांचे वादन फोनमध्ये भरून घेतले होते. पण ती सगळी सामग्री आत येताना फाटकावर ठेवून घेण्यात आली होती, आणि माझ्या तोंडून त्याविरुद्ध शब्द फुटला नव्हता. आता नारिंगी जाकिटे घातलेले लोडर आमच्याभोवती गोळा झाले. त्यांनी दोर ओढला, मागून थोपटले, गाजर दाखवले. शेवंतीने गाजर खाल्ले आणि जिथल्या तिथे उभी राहिली.

“भाई,” त्यांच्यातला एक वयस्क लोडर म्हणाला, “तुम्हारा घोड़ा स्टार्ट कैसे होता है?”

मी त्याला सांगितले. तो हसला नाही. तो म्हणाला, तो फिर बजाओ.

चारचौघांत मी कधी गायलेलो नाही. शाळेत राष्ट्रगीतालाही मी ओठ हलवीत असे. त्या दुपारी, तापलेल्या काँक्रीटवर, अनोळखी माणसांसमोर मी तोंडाने ट्रंपेट वाजवला. पहिला सूर घशातच राहिला. दुसरा बाहेर पडला, पँ करून, आणि शेवंतीचे कान उभे झाले. मी पुढे वाजवले. वरातीची सगळी चाल वाजवली, मधले ताशाचे तुकडे जिभेने वाजवले, गाल फुगवून फुगवून वाजवले. त्या वयस्क लोडरने एका रिकाम्या पेटीवर ठेका धरला, मग आणखी दोघांनी धरला. शेवंतीने मान वाकवली आणि नवरदेव पाठीवर असल्याच्या ऐटीत पाऊल टाकत ती फळा चढून आत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यात मला पडलेल्या त्या पहिल्या टाळ्या. दार लागेपर्यंत मी वाजवत होतो.

विमान सुटले तेव्हा मी पेटीजवळच्या आसनावर पट्टा बांधून बसलो होतो आणि त्या प्रसिद्ध भीतीची वाट पाहत होतो. जमीन सुटली. शेवंतीने पाय किंचित फाकवून तोल घेतला, ट्रॉलीत घेतला होता तसाच, आणि समोर टांगलेल्या जाळीतला चारा ओढू लागली. पट्ट्याचा दिवा विझल्यावर मी उठलो आणि स्टेथोस्कोप लावला. आधी तिचे ऐकले, मग माझे. दोन्ही ठाकठीक होते. इंजिनांचा आवाज मोठा होता, पण आमच्या ट्रॅक्टरच्या मानाने सुसह्य. खालचा समुद्र कुठूनही दिसत नव्हता. मला विमानाची भीती वाटत नव्हती. हे कळल्यावर आनंद व्हायला हवा होता. पण हातातले एकुलते एक कारण कुणी काढून घ्यावे तसे मला उघडे वाटू लागले. मी उरलेली वाट शेवंतीच्या कपाळाला कपाळ लावून उभा राहिलो. तिने माझ्या कॉलरचे टोक चावून पाहिले आणि ते चाऱ्याच्या पसंतीचे नाही असे ठरवून सोडून दिले.

शारजात नीलेश मोटार घेऊन आला होता. त्याचा तबेला विलक्षण स्वच्छ होता. कूलर होते, लोळायला वाळूचे मैदान होते. एका प्रौढ राजस्थानी माणसाने पुढे होऊन माझ्या हातातला दोर घेतला, तिच्या मानेवर थाप मारली, आणि ती त्याच्या तळहातावरचा खजूर खाऊ लागली. त्या माणसाचा हात चांगला होता, हे मला लगेच दिसले. त्याने खिशातला फोन काढून बँड लावला आणि दोघे सावलीकडे निघून गेले. वरातीची घोडी मागे वळून पाहत नाही. मागे पाहणारी घोडी त्या कामाची नसते.

मी नीलेशला तिच्या सवयी सांगत राहिलो. तिला पाणी गार चालत नाही, डाव्या बाजूने झूल घातलेली आवडत नाही, उन्हाळ्यात कडब्याबरोबर थोडा गूळ लागतो. मी एरवी इतका बोलत नाही. बोलता बोलता मी असेही सांगितले की परत आणताना पेटी थोडी रुंद घ्यावी, म्हणजे तिला मान वळवता येईल, आणि पावसाळ्याआधी आणली तर बरे, कारण आमच्या शेडचा पत्रा मी तोवर बदलून घेणार आहे.

नीलेश किल्लीशी खेळायचा थांबला.

“अंकित,” तो म्हणाला, “तुले सांगतलं नाई का काकानं?”

सांगितले होते. दिवाळीत, मी पाण्याचा तांब्या घेऊन परत आलो तेव्हा, मोठ्या बाबांनी मला जवळ बसवून अगदी सावकाश सांगितले होते. नंतर मयुरीने सांगितले होते. आम्ही शेवंतीला विकले होते.